उबंटूवर डायल-अप: कनेक्ट होतं, आयपी मिळतो, पण पान एकही उघडत नाही

आंबोळी
शनिवार, १४ जुलै २००७, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी, चार दिवस डोकं खाजवतोय, आता तुम्हीच बघा काय ते. आमचं गाव राजापूरपासून बरंच आत, ब्रॉडबँड नाही आणि येईल असं कोणी म्हणतही नाही, लँडलाईन आहे तीच काय ती. मामेभावाने त्याचं जुनं मशीन मला दिलं, पुण्याच्या हॉस्टेलवरून लक्झरीच्या डिकीत घालून आणलंय. त्यात विंडोज ९८ पण आहे आणि उबंटू ६.०६ पण, ती पोस्टाने फुकट यायची ना सीडी, तीच टाकलीय त्याने. मोडेम बाहेरचा आहे, ५६ के, मागच्या पहिल्या सिरीयल पोर्टला लावलाय. विंडोजमधून नेट व्यवस्थित चालतं म्हणजे लाईन, मोडेम, युजरनेम, पासवर्ड सगळं बरोबर आहे.

उबंटूत आधी नुसतं नो डायलटोन यायचं, ते मोडेमला एटीएक्स३ ही कमांड देऊन गेलं, कुठेतरी वाचलेलं, का गेलं ते माहीत नाही. मग मामेभावाकडे एका जुन्या हाऊटूची प्रिंट होती त्यावरून पीअर्सची फाईल, म्हणजे नेटवाल्याची सेटिंगं असतात ती, हाताने लिहिली आणि पॉन, म्हणजे फोन लावायची कमांड, मारली तर मोडेम हूं नाही की चूं नाही, नंबरसुद्धा फिरवत नाही, वर एरर की समोरच्या सिस्टमने स्वतःची ओळख पटवायला पाहिजे. अरे ओळख मी पटवायची ना, त्याने कशाला! मग ऑप्शन्स फाईलमधे ऑथ, म्हणजे ओळख माग, असं लिहिलेलं दिसलं त्याच्यापुढे हॅश टाकून ती ओळ बंद केली, तरी तीच एरर. मग वैतागून सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, पॉन केलं तर काय, धडाधड नंबर फिरला, ती सगळी किंचाळी झाली, कनेक्ट ४४०००, आयपी म्हणजे नेटवरचा पत्तासुद्धा मिळाला. म्हटलं जिंकलो. पण फायरफॉक्स म्हणतो सर्व्हर सापडत नाही. कुठलंच पान नाही. दोन दिवस फायरफॉक्स काढून परत टाकण्यात घालवले, काही फरक नाही.

राजापुरात कॅफेत येऊन टाइप करतोय, परत यायला दोन दिवस जातील. कमांडी देवनागरीत लिहिल्यात, समजून घ्या.


रात्रपाळी
शनिवार, १४ जुलै २००७, दुपारी १.०५

विनमोडेम असणार रे. त्यात मोडेमचं अर्धं काम ड्रायव्हर करतो, म्हणजे तुझा प्रोसेसरच करतो, आणि तो ड्रायव्हर फक्त विंडोजचा असतो, म्हणून तिकडे चालतं नि इकडे नाही. माझ्याकडे असाच होता, सहा महिने घासली. फेकून दे आणि नवा घे. नाहीतर उबंटू काढ, दुसरं डिस्ट्रो, म्हणजे दुसऱ्या प्रकारचं लिनक्स, टाकून बघ.


खरखर
शनिवार, १४ जुलै २००७, रात्री १०.४०

रात्रपाळी, झोपेत वाचलंस का? बाहेरचा सिरीयल मोडेम म्हणतोय तो. विनमोडेम म्हणजे मशीनच्या आत स्लॉटमधे बसणारी कार्डं, सिरीयल पोर्टावरच्या डब्याला स्वतःचं डोकं असतं. आणि ४४००० ला कनेक्ट होऊन आयपी मिळतोय म्हणजे मोडेमने आपलं काम चोख केलंय. त्या बिचाऱ्याला कशाला फेकायचं.

आंबोळी, तुझी गंमत वेगळी आहे पण आधी एक सवय लावून घे. डायल-अप म्हणजे एकापुढे एक जोडलेले सांधे आहेत. मशीन आणि तुझा मोडेम, हा पहिला. तुझा मोडेम आणि पलीकडचा मोडेम, ती किंचाळी म्हणतोस तो दुसरा. मग दोन्हीकडच्या पीपीपीचं, म्हणजे फोनलाईनवरून नेट जोडायच्या पद्धतीचं, बोलणं, त्यात आधी लिंकच्या अटी ठरतात, मग पासवर्ड, मग आयपी. एवढं झालं की पीपीपीचं काम संपलं. त्यानंतर उरतं ते म्हणजे पॅकेट कुठल्या रस्त्याने जाणार आणि नावाचा नंबर कोण करून देणार. तुझे पहिले तीन सांधे धड आहेत, तू मात्र सगळ्यात टोकाला जाऊन फायरफॉक्स काढतोयस नि घालतोयस. नळाला पाणी येत नाही म्हणून बादली बदलण्यातला प्रकार झाला हा.

आता घरी जाऊन एवढं कर. सुडो पॉनने कनेक्ट हो, मग टर्मिनलमधे इफकॉन्फिग मार, पीपीपी० च्या खाली पी-टी-पी म्हणून समोरच्याचा पत्ता दिसेल, त्याला पिंग कर, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघ. मग बाहेरचा कुठलाही चालू आयपी विंडोजमधून टिपून ठेव आणि त्याला पिंग कर, नाव नको, नंबरच. मग रूट -एन, त्यात पॅकेटच्या रस्त्यांचं टेबल दिसतं. मग रिझॉल्व्ह.कॉन्फ उघडून बघ, नावाचा नंबर कोणाला विचारायचा ते त्यात असतं. मग प्लॉग, त्यात लॉगच्या शेवटच्या ओळी येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती सुडोशिवायची एरर पूर्ण उतरवून आण, शेवटच्या फुलस्टॉपपर्यंत. तू अर्धीच सांगितलीस असा मला दाट संशय आहे.

आणि एक्स३ का चाललं ते ऐक. मोडेम नंबर फिरवायच्या आधी डायल टोन ऐकायची वाट बघतो, आणि बरेच मोडेम अमेरिकेतल्या टोनच्या हिशोबाने बनवलेले, तिकडे ३५० आणि ४४० हर्ट्झ असे दोन सूर एकत्र असतात, आपल्याकडची टोन ४०० ची, त्यात तो घरघरणारा हेलकावा. मोडेमला ती ओळखीची वाटत नाही, मग तो म्हणतो टोनच नाही. एक्स३ म्हणजे टोनची वाट बघू नकोस, सरळ फिरव, एंगेज असेल तर मात्र सांग. विंडोजमधे यासाठी एक चौकोन असतो, डायल टोनची वाट बघा म्हणून, कोणीतरी तिथली टिक काढून ठेवलेली असणार तुझ्या मशीनवर.


आंबोळी
सोमवार, १६ जुलै २००७, दुपारी १२.१५

खरखर दादा, सगळं केलं. फ्लॉपीवर घालून आणलेलं पण इथल्या मशीनला फ्लॉपी ड्राईव्हच नाही, नशीब लाईटबिलाच्या मागे पण लिहून आणलेलं, ते बघून टाइप करतोय.

समोरच्या पत्त्याला पिंग होतं, दीडशे-एकशेसाठ मिलीसेकंद येतात. बाहेरच्या नंबराला पिंग केलं तर दर वेळेला, फ्रॉम १९२.१६८.१.२५, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल. हा १९२.१६८ वाला कोण ते मला माहीत नाही, मी कुठेच टाकलेला नाही.

रूट -एन मधे तीन ओळी. एक समोरच्या पत्त्याची, पीपीपी०. एक १९२.१६८.१.० ची, ईटीएच०. आणि शेवटची ०.०.०.०, गेटवे १९२.१६८.१.१, ईटीएच०.

रिझॉल्व्ह.कॉन्फमधे एकच ओळ आहे, नेमसर्व्हर १९२.१६८.१.१.

प्लॉगमधे बरंच काही होतं, लोकल आयपी, रिमोट आयपी वगैरे, आणि त्यांच्याच आसपास एक ओळ, नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डिफॉल्ट रूट टू ईटीएच०, पुढे चौकटी कंसात परत तोच १९२.१६८.१.१.

आणि हो, एरर अर्धीच सांगितलेली, चुकलं. पूर्ण अशी आहे. बाय डिफॉल्ट समोरच्या सिस्टमने स्वतःची ओळख पटवली पाहिजे, मग कंसात, कारण या सिस्टमला इंटरनेटकडे जाणारा डिफॉल्ट रूट आहे, आणि मग त्यासाठी योग्य पासवर्ड सापडत नाही असं काहीतरी. कंसातलं असतं ते सोडून देतो ना आपण, तसं सोडलं.


खरखर
सोमवार, १६ जुलै २००७, रात्री ९.३०

सापडला चोर. आणि एकच आहे, दोन्ही दुखणी त्याचीच.

मामेभावाचं मशीन हॉस्टेलच्या लॅनवर होतं ना? तिथे त्याने ईटीएच० ला, म्हणजे नेटवर्क कार्डाला, १९२.१६८.१.२५ हा पत्ता नि १९२.१६८.१.१ हा गेटवे, म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा, कायमचा लिहून ठेवला. मशीन लक्झरीने राजापूरला आलं, हॉस्टेलचा राऊटर पुण्यात राहिला, पण मशीनला कोण सांगणार? ते दर वेळी चालू होताना इमाने इतबारे समजतं की जगाचा रस्ता नेटवर्क कार्डातून जातो. कार्डाला केबल नसली तरी ओळ रस्त्यांच्या टेबलात बसलेली असते.

आता तू सुडोने कनेक्ट होतोस, पीपीपीडी, म्हणजे पीपीपी चालवणारा प्रोग्राम, आयपी घेतो, डिफॉल्ट रूट, म्हणजे बाकी सगळ्या जगाचा रस्ता, टाकायला जातो तर तिथे आधीच कोणीतरी बसलंय. तो सज्जन आहे, दुसऱ्याला उठवून बसत नाही, लॉगमधे एक ओळ लिहितो नि गप्प बसतो. समोरच्या पत्त्याला पिंग होतं कारण तेवढ्या एका पत्त्याचा रस्ता पीपीपी० वरून आहे. बाकी सगळं जग ईटीएच० वरून, म्हणजे बंद बोळात. आणि अनरीचेबल कोण म्हणतंय बघ, फ्रॉमच्या पुढे तुझ्याच कार्डाचा पत्ता आहे. म्हणजे पॅकेट घराबाहेर पडलंच नाही, तुझंच मशीन तुला सांगतंय की सापडला नाही. ही ओळ पाहिली की अर्ध्या केसेस तिथेच सुटतात.

आता ओळख पटवायचं. पीपीपीडी फोन लावतो तसा आलेला फोन घेतोही, दोन्ही बाजूंना चालणारा प्रोग्राम आहे तो. साध्या युजरने तो चालवला की तो बघतो, या मशीनला आधीच डिफॉल्ट रूट आहे का? असेल तर याचा अर्थ मशीन आधीच नेटवर आहे, मग हा जो नवीन जोडला जातोय तो कोण? त्याने आधी ओळख पटवावी. आपला नेटवाला तुला ओळख कशाला पटवतोय, म्हणून नंबर फिरवायच्या आधीच पीपीपीडी बाहेर पडतो. तुझा मोडेम चूं का करत नव्हता ते कळलं? अ‍ॅडमिनच्या हक्काने चालवलं की ही अट लागत नाही म्हणून सुडोने पुढे गेलास. आणि ऑप्शन्समधल्या ऑथपुढे हॅश टाकून काही झालं नाही कारण आता मागणी फाईलमधून येतच नव्हती, रस्त्यांच्या टेबलातून येत होती. तो हॅश काढून टाक, डेबियनवाल्यांनी ऑथ तिथे विचार करून ठेवलंय.

इलाज. आधी नुसतं बघण्यापुरतं, सुडो रूट डेल डिफॉल्ट, मग पॉन. चाललं की कायमचं कर. ईटीसीमधे नेटवर्क फोल्डर, त्यात इंटरफेसेस नावाची फाईल, ईटीएच० च्या खाली गेटवेची जी ओळ आहे तिच्यापुढे हॅश. पत्ता राहू दे, कधी दुसरं मशीन जोडायचं झालं तर कामाला येईल. तुझ्या पीअर्स फाईलमधे डिफॉल्टरूट हा शब्द लिहिलेला दिसतोय, नाहीतर ती लॉगची ओळ आलीच नसती. त्यात आणखी दोन शब्द घाल, एकेका ओळीवर, नोऑथ आणि यूजपीअरडीएनएस. पहिला म्हणजे समोरच्याकडे ओळख मागू नकोस. दुसरा म्हणजे नेमसर्व्हर नेटवाल्याकडून घे, नाहीतर रस्ता मोकळा झाल्यावरसुद्धा तू प्रत्येक नाव पुण्याच्या राऊटरला विचारत बसशील. आणि स्वतःला डायलआऊट आणि डिप या दोन ग्रुपात घालून घे म्हणजे सुडोची कटकट जाईल.

तो हाऊटू कोणत्या सालचा आहे रे? त्या काळी लोकांच्या घरात एक मशीन, त्याला एक मोडेम, नेटवर्क कार्ड कोणाकडे होतं! डिफॉल्ट रूट आधीच असेल हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच नसणार. आम्ही सुरुवात केली तेव्हा तर पीपीपी पण नशिबात नव्हतं, १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांना नेट दिलं त्यानंतर विद्यार्थ्यांना परवडायचं ते शेल अकाऊंट, नुसती अक्षरं, चित्र नाही. तक्रार नाही, लिंक्स या नुसत्या अक्षरांच्या ब्राउझरवर पानं आजच्यापेक्षा लवकर उघडायची.


मडगावचो मोडेम
मंगळवार, १७ जुलै २००७, सकाळी ८.५०

खरखर यांनी बरोबर पकडलंय, मी फक्त शेजारच्या घरातली गोष्ट सांगतो. मी फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच युनिक्स घराण्यातली सिस्टम वापरतो, तिथे पीपीपी नावाचाच युजरलँडमधला प्रोग्राम आहे आणि त्याचा प्रॉम्प्ट मला फार आवडतो. सुरुवातीला तीन पी लहान लिपीत असतात, लिंक जुळली की पहिला मोठा होतो, पासवर्ड पास झाला की दुसरा, आयपी ठरला की तिसरा. म्हणजे वर सांगितलेला तिसरा सांधा नेमका कुठे अडलाय ते लॉग न उघडता नजरेला दिसतं. लिनक्सवाल्यांनी हे उचलायला हवं होतं.

आणि रूटचं तिथे अ‍ॅड डिफॉल्ट हिजअ‍ॅड्र असं लिहितात कॉन्फमधे. आधीच रूट बसलेला असेल तर अ‍ॅडच्या मागे उद्गारचिन्ह लावायचं, मग तो जुन्याला बाजूला करून आपला टाकतो. पीपीपीडीला पण रिप्लेसडिफॉल्टरूट असा काहीतरी शब्द आहे ना?


खरखर
मंगळवार, १७ जुलै २००७, सकाळी १०.१०

आहे, पण तो काही डिस्ट्रोंनी वरून लावलेला पॅच आहे, प्रत्येकाच्या पीपीपीडीत असेलच असं नाही. आणि मला तो उपाय पटत नाही. घरात खोटा पत्ता लावलेला असताना तो काढायचा की रोज पोस्टमनला सांगायचं, याकडे लक्ष देऊ नका म्हणून? गेटवेच काढायचा. उद्या खरंच लॅन नि मोडेम दोन्ही एकाच वेळी असतील तर गोष्ट वेगळी.

तीन पीचं मात्र मान्य.


आंबोळी
गुरुवार, १९ जुलै २००७, दुपारी १२.४०

चाललं!!! दादा तुम्हाला आमच्याकडचे आंबे लागू, मे महिन्यात आठवण करा. रूट डेल डिफॉल्ट मारलं, पॉन मारलं आणि पिंगला उत्तर आलं तेव्हा मी एवढ्याने ओरडलो की बाबा आतून आले काय झालं बघायला. मग इंटरफेसेसमधला गेटवे हॅश केला, नोऑथ घातलं, सुडोशिवाय लागतंय. यूजपीअरडीएनएस आधी विसरलेलो, नंबराला पिंग होत होतं नि नावाला नाही, मग आठवलं पुण्याचा राऊटर. मामेभावाला फोन करून सांगितलं, तो म्हणतो अरे हो, मीच टाकलेला तो गेटवे, हॉस्टेलचा. चार दिवस!

आता दुसरं. लाईन मधेच तुटते. कधी अर्धा तास नीट, कधी दहा मिनिटांत कट. पाऊस धरला की जास्त. संध्याकाळी आठच्या सुमाराला तर जवळजवळ रोज, तेव्हा पाऊस असो नसो. विंडोजमधे पण तुटायचं पण तिकडे मी लक्ष दिलं नव्हतं. टेलिफोनवाल्यांकडे तक्रार नोंदवली तर म्हणाले बोलायला फोन चालतो ना, मग लाईन ठीक आहे. ५६ के चा मोडेम असून कधी ४४, कधी ३१ असं का ते पण सांगा.


सोल्डरताई
गुरुवार, १९ जुलै २००७, सायंकाळी ६.२५

लाईनचं मी बघते, माझं अर्धं आयुष्य तारांमधे गेलंय.

पहिलं म्हणजे तुटल्यावर लॉगमधली शेवटची दोन-चार वाक्यं बघ, तुटण्याचे प्रकार असतात. मोडेम हँगअप लिहिलं असेल तर कॅरिअरच, म्हणजे दोन मोडेमना जोडणारा सूरच, गेला, म्हणजे तारेत किंवा फोनमधे काहीतरी. चार एको-रिक्वेस्टना उत्तर नाही असं असेल तर मोडेम जोडलेले आहेत पण पलीकडून कोणी बोलत नाही. अ‍ॅक्टिव्हिटी नाही म्हणून बंद असं असेल तर तुझ्याच फाईलमधे आयडलची वेळ लावलेली असणार. आणि पलीकडच्याने टर्मिनेट केलं असेल तर नेटवाल्याला विचार. मला वाटतं तुझं पहिलं निघेल.

बोलायला चालतो म्हणून लाईन ठीक, हे ऐकून ऐकून कंटाळा आला. माणसाचा कान खरखरीतून शब्द शोधून काढतो, मोडेम नाही काढू शकत. तू एक कर, रिसीव्हर उचल, कुठलाही एक आकडा दाब, डायल टोन थांबेल, आता काही न बोलता दहा सेकंद नुसतं ऐक. चांगल्या लाईनवर जवळजवळ काहीच ऐकू यायला नको. तेल तापल्यासारखा चुरचुर आवाज आला तर कुठेतरी जोड कुजलाय. तोच प्रयोग पाऊस पडत असताना परत कर. मग भिंतीवरची ती पांढरी डबी, रोझेट, उघड, स्क्रूखालचं तांबं हिरवं झालेलं असेल तर तार थोडी कापून नवीन तांबं काढ नि घट्ट आवळ. कोकणात एका पावसाळ्यात हिरवं होतं ते. उघडताना लाईनवर घंटी वाजली तर चांगला झटका बसतो, तेवढं सांभाळ. आणि खांबावरून घरात येणारी तार कौलाला किंवा झाडाला घासतेय का बघ, त्याला मात्र लाईनमनच हवा, तू चढू नकोस.

५६ के चं म्हणशील तर तो आकडा फक्त येणाऱ्या बाजूचा, आणि तोही एक्स्चेंजपासून पुढे सगळं डिजिटल असेल तर. व्ही.९० या पद्धतीत जाणारी बाजू ३३.६ च्या वर जातच नाही. गावात इतक्या लांबच्या तारेवर ४४ म्हणजे भाग्य समज.

आठ वाजताचं मला तारेचं वाटत नाही. आठ वाजता घरात काय होतं?


खरखर
गुरुवार, १९ जुलै २००७, रात्री ११.००

ताईंनी विचारलं तेच विचारणार होतो. घरात दुसरा फोन आहे का, पॅरलल?

दोन गोष्टी करून बघ. मोडेमला एस१० नावाचं रजिस्टर असतं, कॅरिअर गेल्यावर किती वेळ थांबून फोन ठेवायचा त्याचं, सेकंदाच्या दहाव्या भागात. बहुतेकदा १४ असतं म्हणजे जेमतेम दीड सेकंद. इनिटच्या, म्हणजे मोडेमला सुरुवातीला जाणाऱ्या कमांडच्या, ओळीत एटीएक्स३ च्या पुढे एस१०=१०० घाल, दहा सेकंद होतील, कॉल वेटिंगच्या बीपसारखा छोटा धक्का त्यात पचतो. धड तुटलेली लाईन याने जुळत नाही हे लक्षात ठेव. दुसरं, पाऊस असेल तेव्हा वेगाचा मोह सोड, मोडेमला ५६ के वालं व्ही.९० न वापरता व्ही.३४ या जुन्या, हळू पद्धतीवरच बोलायला लाव, त्याची कमांड मोडेमच्या चोपडीत असेल, चिपप्रमाणे बदलते म्हणून इथे देत नाही. ४४ ला दहा मिनिटं चालण्यापेक्षा २८ ला दोन तास चालणं कधीही परवडतं, प्रत्येक रीडायलला कॉलचा चार्ज वेगळा लागतो ना.


रात्रपाळी
शुक्रवार, २० जुलै २००७, पहाटे ३.३५

विनमोडेमचं मागे घेतो. पण हे वाचून मी माझ्या मशीनवर रूट -एन मारलं तर माझ्याकडे पण तसलीच एक ०.०.०.० वाली ओळ निघाली, जुन्या ऑफिसची. सहा महिने मोडेमला शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या बहुतेक फुकट गेल्या.


आंबोळी
रविवार, २२ जुलै २००७, रात्री १०.५०

घरून टाइप करतोय! उबंटूवरून!

लॉगमधे ताई म्हणाल्या तेच, दर वेळी मोडेम हँगअप. आकडा दाबून ऐकलं, पाऊस नसताना बारीक चुरचुर, पाऊस आल्यावर तर फोडणीच. रोझेट उघडली, हिरवं नाही, काळं पडलेलं तांबं, बोटाने दाबल्यावर गळूनच पडलं. तार कापून नवीन लावली, कोरड्यात तरी आवाज गेलाय. खांबावरची तार फणसाच्या फांदीला घासतेय, लाईनमन म्हणालाय बुधवारी येतो, कुठल्या बुधवारी ते बोलला नाही.

आठ वाजताचं कळलं. माडीवर पॅरलल आहे, आजीच्या खोलीत. आठला तिची मालिका संपते, मग झोपायच्या आधी ती रोज रिसीव्हर उचलून कानाला लावते, फोन चालू आहे का बघायला, मुंबईहून काकाचा फोन येईल म्हणून. आणि मी खाली नेटवर असलो की तिला ती मोडेमची किंचाळी ऐकू यायची, तर ती घाबरून क्रेडल दोनदा-तीनदा दाबायची. महिनाभर म्हणत होती फोनमधे कोणीतरी ओरडतंय, आम्ही कोणी लक्षच दिलं नाही. एस१० वाढवून तिच्यापुढे काही उपयोग झाला नाही, ती दहा सेकंदांत ठेवत नाही.

आता खालचा फोन मोडेमच्या मागच्या फोन लिहिलेल्या भोकात लावलाय, मोडेम लाईनवर असला की तो आपोआप बंद राहतो, कोणी उचलला तरी फरक पडत नाही. आजीला सांगितलंय की फोन नीट आहे, मी स्वतः रोज आठला तिला वर जाऊन सांगतो. व्ही.३४ वर टाकलंय, ३१२०० ला लागतं आणि काल पावणेदोन तास सलग चाललं. अपडेट लावायचंय, ८७ एमबी आहे, रात्रीचा चार्ज कमी लागतो म्हणून थांबलोय, ११ वाजले की सुरू करतो.